फायर सीझन आलाय: घर, कागदपत्रं, आई-बाबा आणि गाडी (कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांसाठी)

फ्रीमाँट, कुपरटिनो, सॅन रमोन, डब्लिन, खाली आयर्विन, आपली मराठी मंडळी जिथे जिथे राहतात तिथे एक समज पक्का बसलेला असतो की आग म्हणजे डोंगरात राहणाऱ्यांची भानगड, आपल्याला फार तर चार दिवस धूर. आता ऑक्टोबर २०१७ ची टब्स फायर बघा. रात्री कॅलिस्टोगाजवळ लागली, आणि उजाडायच्या आत सांता रोझामध्ये शिरून, हायवे १०१ ओलांडून, कॉफी पार्क नावाची सपाट जमिनीवरची साधी वस्ती जाळून मोकळी झाली. सरकारी नकाशावर ती वस्ती अतिधोक्याच्या पट्ट्यात नव्हतीच. आणि आयर्विनवाल्यांना आठवत असेल, ऑक्टोबर २०२० मध्ये सिल्व्हराडो फायरच्या वेळी आयर्विन आणि आसपासच्या जवळजवळ ९० हजार लोकांना घरं सोडायला सांगितलं होतं, तेसुद्धा ऐन लॉकडाऊनच्या काळात, सोमवारी सकाळी, लोक घरून ऑफिसच्या मीटिंगला बसत होते तेव्हा.

तर "आपल्याकडे येणार नाही" हे बाजूला ठेवा. २०२५ मध्ये कॅल फायरने (राज्याचं अग्निशमन खातं) आगीच्या धोक्याचे नवीन नकाशे काढलेत, त्यात घराचा पत्ता टाकून बघा, मॉडरेट, हाय की व्हेरी हाय ते कळतं. पण नकाशात काही नाही आलं म्हणून निवांत बसू नका, कॉफी पार्कवाले पण निवांतच होते.

आग घरापर्यंत येते कशी, हे आधी समजून घ्या

आपल्या डोळ्यांसमोर असतं की ज्वाळांची भिंत सरकत सरकत येते आणि घर गिळते. तसं फार कमी वेळा होतं. बहुतेक घरं पेटतात ती निखाऱ्यांनी. जळत्या फांद्यांचे, सालीचे, शेजारच्या घराच्या लाकडाचे तुकडे वाऱ्यावर उडत एक मैल किंवा त्याहूनही लांब जाऊन पडतात आणि मग ते जिथे पडले तिथे काय आहे यावर सगळा खेळ. २०१८ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज गाव जळलं त्यानंतरचे फोटो बघा, घरांची राख झालीये आणि मधे झाडं हिरवीगार उभी. म्हणजे झाडांची आग घरात नाही गेली, घरांनी घरं पेटवली.

आणि म्हणूनच मी सगळ्यांना एकच सांगत असतो की हजार डॉलरचे कॅमेरे आणि सॅटेलाइट फोन नंतर घ्या, आधी घराच्या भिंतीपासूनचे पहिले पाच फूट साफ करा, आणि निघायचं ते सरकारी ऑर्डरची (घर सोडून निघा असा हुकूम) वाट न बघता निघा. बाकी सगळं या दोन गोष्टींच्या मागून.

पायरी १: पहिले पाच फूट

याला झोन झिरो म्हणतात. शनिवारी सकाळी चहा झाला की घराभोवती एक चक्कर मारा, भिंतीला चिकटून. एक साधी खूण सांगतो. वारा सुटल्यावर पालापाचोळा तुमच्या घराच्या कुठल्या कोपऱ्यात जमतो ते बघा, दोन भिंतींच्या बेचक्यात, पायऱ्यांच्या खाली, गॅरेजच्या दाराच्या फटीपाशी. निखारे पण नेमके तिथेच येऊन जमणार, कारण वारा तोच आहे. तिथे सुकं काही राहताच कामा नये.

आता आपल्या घरांची खास गंमत. मुख्य दाराला मागच्या दसऱ्याचं आंब्याच्या पानांचं तोरण, कुरकुरीत सुकलेलं. खाली काथ्याचं पायपुसणं. बाजूला चपलांचं लाकडी रॅक, त्यात रबरी चपलांचा ढीग. कुंडीत हिवाळ्यात मेलेली तुळस, काड्या तशाच उभ्या कारण उपटायला मन होत नाही. साइड यार्डमध्ये कॉस्टकोचे खोके, रिसायकलिंगला जायच्या वाटेवर तीन महिने. गॅरेजच्या कोपऱ्यात गणपतीच्या मखराचा थर्माकोल. यातलं एक एक फुटकळ वाटतं, पण एक निखारा पडायला एवढं भरपूर आहे आणि हे सगळं दाराला किंवा भिंतीला टेकून ठेवलेलं असतं. तोरण सीझनमध्ये काढून ठेवा (कापडाचं पण), पायपुसणं निदान वाऱ्याच्या दिवशी उचला, मेलेली तुळस विसर्जित करून नवीन लावा आणि ती भिंतीपासून लांब, बागेत ठेवा.

मग मल्च. बिल्डरने घराला खेटून लाकडी सालींचा जो मल्च टाकलेला असतो तो पाच फुटांतून काढून तिथे खडी किंवा फरशी टाका. सगळ्यात स्वस्तात सगळ्यात जास्त फायदा देणारं काम हेच. आणि लाकडी कुंपण. कुंपण जिथे घराच्या भिंतीला येऊन मिळतं तो शेवटचा पाच फुटांचा तुकडा धातूचा करून घ्या, किंवा तिथे लोखंडी गेट बसवा, नाहीतर ते कुंपण म्हणजे घरापर्यंत आणून ठेवलेली वात आहे.

व्हेंट्स हा दुसरा मोठा विषय ज्याकडे कोणी बघत नाही. ॲटिकला आणि घराखालच्या पोकळीला हवा जायला ज्या जाळ्या असतात त्यांची भोकं जुन्या घरांत पाव इंचाची असतात आणि त्यातून निखारा आरामात आत जातो, आणि घर आतून पेटतं, बाहेरून काही दिसत पण नाही. एक अष्टमांश इंच (साधारण ३ मिलीमीटर) किंवा त्याहून बारीक धातूची जाळी लावायची. प्लास्टिकची किंवा फायबरची नाही, ती वितळते. हँडीमनचं एका दिवसाचं काम आहे.

छत क्लास ए (आगीला सगळ्यात जास्त टिकणारं) आहे का बघा, टाइल किंवा ॲस्फाल्ट शिंगल असेल तर बहुधा असतंच. पण ती अर्धगोल स्पॅनिश टाइल असेल तर कडेला टाइलखाली जे बोगदे दिसतात, ज्यात चिमण्या घरटी करतात, ते बंद करून घ्या. गटर साफ करा. डेकखाली काही साठवू नका.

पाच फुटांच्या पुढे ३० फुटांपर्यंत सुकी झुडपं, मेलेल्या फांद्या काढायच्या, झाडाच्या फांद्या छतापासून आणि चिमणीपासून १० फूट लांब ठेवायच्या, आणि त्यापुढे १०० फुटांपर्यंत (तेवढी जागा असेल तर, आपल्यापैकी कितीजणांकडे असते म्हणा) गवत चार इंचांच्या वर वाढू द्यायचं नाही. गवत कापायचं ते सकाळी लवकर, गार हवेत. दुपारी वाऱ्यात मोअर दगडावर घासून ठिणगी उडते आणि आपणच आग लावून बसतो.

भाड्याने राहत असाल तर बाल्कनीतलं सामान आणि रेंटर्स इन्शुरन्स, एवढं तरी तुमच्या हातात आहे. ते करा.

पायरी २: अलर्ट आणि झोन

काउंटीचे अलर्ट आपोआप सगळे येत नाहीत, नाव नोंदवावं लागतं. सँटा क्लारात अलर्टएससीसी, अलामीडात एसी अलर्ट, सॅन मटेओत एसएमसी अलर्ट. घरातल्या प्रत्येक फोनवर, एकाच्याच नाही. शिवाय तुमचा झिप कोड ८८८७७७ ला टेक्स्ट केला की निक्सल या अलर्ट सेवेचे मेसेज येतात. वॉच ड्यूटी ॲप टाकाच, ते ना-नफा तत्त्वावर चालतं आणि आगीची खबर बऱ्याचदा सरकारी मेसेजच्या आधी देतं. आणि जेनासिस प्रोटेक्ट या साइटवर आपल्या घराचा इव्हॅक्युएशन झोन नंबर शोधून फ्रिजवर चिकटवा, कारण ऑर्डर निघते ती झोनच्या नंबराने, रात्री दोनला "अमुक झोन खाली करा" असं आलं की तो आपला का शेजारच्याचा हे तेव्हा शोधत बसायचं नाहीये.

वॉर्निंग म्हणजे तयार राहा, आणि ज्यांना वेळ लागतो त्यांनी आत्ताच निघा. ऑर्डर म्हणजे ताबडतोब निघा, कायद्यानेच तो भाग बंद होतो. ऑरेगन, वॉशिंग्टनमध्ये राहणाऱ्यांसाठी हेच लेव्हल १, २, ३ असं असतं.

पण मेसेजवर शंभर टक्के विसंबू नका. जानेवारी २०२५ मध्ये ईटन फायरच्या रात्री लॉस एंजेलिसजवळच्या पश्चिम अल्टाडिनात ऑर्डर पोचली तेव्हा फार उशीर झालेला होता, आणि त्या आगीत जे गेले त्यातले जवळपास सगळे त्याच भागातले, बरेचसे म्हातारे. धूर दिसतोय, वारा आपल्याकडे आहे, पोटात गोळा आलाय, तर निघा. काही झालं नाही तर मित्राच्या घरी जेवून परत या, काय जातंय?

पायरी ३: बॅग आणि कागद

इथले लोक सहा पी म्हणतात: माणसं आणि पाळीव प्राणी, कागद, औषधं, फोटो, कॉम्प्युटर, आणि प्लास्टिक म्हणजे कार्डं. त्यात आपली भर बरीच आहे.

कागदांची एक फाइल करा, जिप असलेली, आणि ती एकाच ठिकाणी, दाराजवळच्या कपाटात. सगळ्यांचे पासपोर्ट (जुने, व्हिसा चिकटवलेले पण), ओसीआय, ग्रीन कार्ड किंवा आय-७९७, आय-९४ ची प्रिंट, नॅचरलायझेशन सर्टिफिकेट असेल तर ते, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचं सर्टिफिकेट, डिग्रीचे ओरिजिनल, घराचे आणि गाडीचे कागद, इन्शुरन्सची पॉलिसी, आणि भारतातल्या फ्लॅटचे, शेताचे जे कागद तुम्ही "सेफ राहतील" म्हणून इकडे आणून ठेवलेत ते. सगळं स्कॅन करून क्लाउडवर टाका आणि भावाला किंवा बहिणीला पुण्यात एक कॉपी द्या. भारतातून आणलेला जन्मदाखला परत काढणं म्हणजे काय असतं ते ज्याने काढलाय त्याला विचारा.

सोनं. बँकेचा लॉकर घ्या. आणि जे घरात आहे त्याचा पॉलिसीत वेगळा उल्लेख आहे का ते एजंटला विचारा, दागिन्यांवर मर्यादा असू शकते आणि ती आपल्या घरातल्या सोन्याच्या मानाने अगदीच किरकोळ असू शकते.

मग फोन घेऊन घरभर व्हिडिओ काढा. बोलत बोलत. प्रत्येक कपाट, प्रत्येक ड्रॉवर उघडून, टीव्हीचा मॉडेल नंबर, पैठण्या, पूजेची चांदीची भांडी, सगळं. क्लेम करताना यादी मागतात आणि तेव्हा आपल्याला स्वतःच्या किचनमध्ये किती भांडी होती ते आठवत नाही. कंपनीने पॉलिसी रिन्यू केली नाही तर कॅलिफोर्निया फेअर प्लॅन हा शेवटचा आधार आहे पण तो मुख्यतः आगीचाच असतो, चोरी, पाणी वगैरेसाठी जोडीला दुसरी पॉलिसी घ्यावी लागते, नुसता फेअर प्लॅन घेऊन झोपू नका.

बॅगेत बाकी नेहमीचं: दोन-तीन दिवसांचे कपडे, औषधं, चष्म्याची जोडी, चार्जर, पॉवर बँक, टॉर्च, एन-९५ मास्क, थोडी रोख (वीज गेली की कार्ड चालत नाही), पाणी. खायला चिवडा, लाडू, खाकरा, जे टिकतं आणि मुलं खातात ते. देवघरातली एखादी छोटी मूर्ती न्यायची असेल तर कोणती ते आधीच ठरवा, ऐन वेळी त्यावरून घरात चर्चासत्र होतं.

पायरी ४: आई-बाबा आलेले असतील तर

हे मी जरा सविस्तर लिहितो कारण इंग्लिशमधल्या कुठल्याच चेकलिस्टमध्ये हे नसतं. व्हिजिटवर आलेले आई-बाबा उन्हाळ्यात येतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत असतात, म्हणजे नेमका आगीचा सीझन. दिवसा घरी तेच असतात. गाडी चालवत नाहीत. फोन भारतातला, वायफायवर चालणारा, म्हणजे काउंटीचा मेसेज त्यांना येणारच नाही. इथला एक स्वस्त प्रीपेड नंबर घ्या आणि तो अलर्टला नोंदवा.

एक कार्ड बनवून बाबांच्या पाकिटात आणि आईच्या पर्समध्ये ठेवा: नाव, इथला पत्ता, तुमचे दोघांचे नंबर, औषधांची जेनेरिक नावं, ॲलर्जी, व्हिजिटर इन्शुरन्सचा नंबर. औषधं भारतातून सहा महिन्यांची आणलेली असतात, त्यातली निदान दोन आठवड्यांची बॅगेत वेगळी ठेवा कारण इथे प्रिस्क्रिप्शनशिवाय ती मिळणार नाहीत. इन्सुलिन असेल तर कूलर बॅग आणि जेल पॅक फ्रीझरमध्ये कायम. ९११ कसा लावायचा आणि पत्ता इंग्लिशमध्ये कसा सांगायचा हे दोन-तीनदा म्हणून घ्या, आणि "मराठी इंटरप्रिटर" हे दोन शब्द पण शिकवा.

आणि शेजारी. ज्यांच्याकडे गाडी आहे आणि जे दिवसा घरी असतात अशा एकांशी आधीच बोलून ठेवा की गरज पडली तर आई-बाबांना घेऊन निघाल का. आईला सोबत नेऊन ओळख करून द्या, डब्यात काहीतरी द्या, म्हणजे ऐन वेळी अनोळखी माणसाच्या गाडीत बसायला ती कां-कूं करणार नाही.

अजून एक. ज्यांचं आयुष्य कोकणात किंवा घाटाखाली गेलंय त्यांनी वणवे पाहिलेले असतात, गवतातून सरपटत येणारे, आणि हिरव्या फांद्यांनी झोडपून विझवलेले पण असतात. त्यामुळे बाबांची पहिली प्रतिक्रिया पळायची नसते, पाइप घेऊन छतावर चढायची असते. त्यांना स्पष्ट सांगा की इथली आग वेगळी आहे, ७ जानेवारी २०२५ च्या रात्री वारा इतका होता की विमानं-हेलिकॉप्टरं उडू शकली नाहीत आणि लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स भागात हायड्रंटचं (रस्त्यावरचे आग विझवायचे नळ) पाणी संपलं होतं, तिथे आपला बागेचा पाइप काय करणार.

पायरी ५: गाडी आणि गॅरेज

सीझनभर टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. ईव्ही असेल तर रात्री चार्ज, कारण वाऱ्याच्या दिवशी वीज कंपनी स्वतःहून लाइन बंद करते आणि तेव्हा नेमकी वीस टक्के बॅटरी असते.

गॅरेजच्या दाराला छताजवळ एक लाल दोरी लोंबते. वीज नसताना ती ओढायची, मोटर सुटते, मग दार हाताने वर ढकलायचं. घरातल्या प्रत्येकाने हे एकदा प्रत्यक्ष करायचं, आईने पण, मुलांनी पण. दार किती जड आहे ते तेव्हाच कळतं. २०१७ च्या आगीत वीज गेल्यावर दार न उघडल्याने काही जण अडकून गेले, त्यावरून कायदा झाला आणि जुलै २०१९ पासून नवीन ओपनरला बॅटरी बॅकअप सक्तीचा आहे. जुन्या घरात नसेल तर बसवून घ्या.

दोन रस्ते ठरवा, दोन्हींवरून एकदा गाडी चालवा, नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवा. ट्रॅफिक ॲप शॉर्टकट म्हणून तुम्हाला डोंगरातल्या रिकाम्या रस्त्याला लावेल, तो रिकामा का आहे याचा विचार करा. भेटायची एक जागा गावात आणि एक गावाबाहेर, आणि बाहेरगावचा एक संपर्क ज्याला सगळ्यांनी "मी ठीक" एवढं कळवायचं. भारतातल्या फॅमिली ग्रुपवर एकच जण अपडेट देईल हेही ठरवा, नाहीतर चाळीस फोन येतात. मुलांच्या शाळेचा इव्हॅक्युएशन प्लॅन वाचा, मुलांना घ्यायला कोणाला परवानगी आहे त्या यादीत दोन मित्रांची नावं टाका.

रेड फ्लॅग वॉर्निंग (हवा आगीला धोकादायक असल्याचा हवामान खात्याचा इशारा) आली की

राज्याच्या वरच्या भागात डायब्लो, खाली सँटा ॲना, ही या वाऱ्यांची नावं: वारा जमिनीकडून समुद्राकडे, कोरडा आणि गरम. त्या दिवशी गाडी तोंड रस्त्याकडे करून लावा, बॅग डिकीत, बूट पलंगापाशी, फोनचा आवाज चालू. ग्रिल नाही, फायर पिट नाही. दिवाळी याच दिवसांत येते. कॅम्प फायरने पॅराडाइज गाव जाळलं तो ८ नोव्हेंबर २०१८, पाडव्याचा दिवस होता, ८५ माणसं गेली. तेव्हा रेड फ्लॅग असेल तर अंगणात पणत्या नाहीत, फटाके तर नाहीच नाहीत, बॅटरीच्या पणत्या लावा आणि आकाशकंदिलात एलईडी. बर्कलीच्या टेकड्यांवर तर शहरच सांगतं की अतिवाऱ्याच्या दिवशी आग नसतानाही आधीच दुसरीकडे जाऊन राहा. घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर तसंच करा.

निघताना शेवटची पंधरा मिनिटं

आधी माणसं गाडीत. मग वेळ असेल तरच बाकीचं. सुती कपडे, पूर्ण बाह्या, जीन्स, बंद बूट. सिंथेटिक साडी, नायलॉनचा गाऊन, ट्रॅक पँट नको, ती अंगावर वितळते. खिडक्या-दारं सगळी बंद पण कुलूप नाही, म्हणजे फायरवाल्यांना आत जाता येतं. आतले-बाहेरचे दिवे चालू ठेवा, धुरात घर दिसतं. एसी बंद. गॅस मीटरपाशी बंद करा (पाना तिथेच बांधून ठेवा), आणि एकदा बंद केला की परत आपण चालू करायचा नाही, कंपनीचा माणूसच करतो. पडदे काढून टाका, सोफा खोलीच्या मधोमध. पायपुसणं, कुशन, झोपाळ्याची गादी आत किंवा लांब. पाइप नळाला जोडून ठेवा पण पाणी चालू सोडून जाऊ नका, सगळ्यांनी स्प्रिंकलर लावले की हायड्रंटचा प्रेशर पडतो.

दोन गाड्या असतील आणि चालवणारे दोघं असतील तरी रात्री, धुरात एकत्रच जाणं बरं. रस्त्यात गाडी बंद पडली किंवा सोडावी लागली तर किल्ली आत ठेवून बाजूला लावा. पॅलिसेड्समध्ये लोक सनसेट बुलेव्हार्डवर गाड्या कुलूप लावून पळाले आणि मग फायर इंजिनला जागा करायला बुलडोझरने त्या बाजूला ढकलाव्या लागल्या. गाडीत असताना आगीने घेरलंच तर झाडं-गवत नाही अशा जागी गाडी थांबवून आतच राहा, काचा बंद, हवेचे झरोके बंद, खाली वाकून अंगावर लोकरी ब्लँकेट, ९११. घरातच अडकलात तर सगळे एका खोलीत, बाहेरच्या भिंतींपासून लांब, बाथटब पाण्याने भरून.

फक्त धूर आला तर

खिडक्या बंद, एअरनाऊ या साइटवर हवेच्या प्रदूषणाचा आकडा बघा, एसीला मर्व्ह १३ (धुराचे बारीक कण अडवणारा) फिल्टर. एअर प्युरिफायर संपलेले असतात तेव्हा बॉक्स फॅनला चार फिल्टर टेपने चिकटवून चालतं, यूट्यूबवर कृती आहे. आणि त्या दिवसांत पुऱ्या तळणं, खमंग फोडणी, उदबत्ती, धूप बंद, घरातला धूर पण धूरच असतो.

परत आल्यावर

ऑर्डर उठली असं अधिकृत आलं की मगच. निघाल्यापासूनच्या हॉटेलच्या, जेवणाच्या, पेट्रोलच्या पावत्या जपून ठेवा, ऑर्डर निघालेली असेल तर घर जळलं नसलं तरी बऱ्याच पॉलिसी हा खर्च देतात, विचारलं नाही तर कोणी आपणहून सांगत नाही. फ्रिज आणि फ्रीझरमधलं फेकायच्या आधी फोटो काढा. राख झाडू किंवा ब्लोअरने उडवायची नाही, एन-९५ आणि हातमोजे घालून, ओलं करून पुसायची, मुलांना तोवर बाहेर खेळू द्यायचं नाही. आणि नळाचं पाणी: टब्स आणि कॅम्प फायरनंतर जळलेल्या पाइपांमुळे पाण्यात बेंझीन हे विषारी रसायन सापडलं होतं, ते उकळून जात नाही, उलट वाफेतून घरात पसरतं. त्यामुळे पाणी कंपनीची "पिऊ नका" नोटीस असेल तर चहासुद्धा बाटलीच्या पाण्याचा, वरण-भात पण, आणि नोटीस उठल्यावर आधी गार पाण्याचे नळ, मग गरम, सांगितलंय तितकी मिनिटं सोडून ठेवायचे आणि फ्रिजचा फिल्टर बदलून टाकायचा.